सप्लिमेंटची बाटली उघडण्याआधी: लेबल वाचण्यापासून बांबोळीला तक्रार देण्यापर्यंत

प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन, फिश ऑइल, केसांसाठीच्या गमीज, गुडघ्यांसाठीच्या कॅप्सूल. यांपैकी कशाबद्दल तरी शंका आली म्हणून लोक विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात फक्त अर्धी संपलेली बाटली असते. खोका कचऱ्यात गेलेला, बिल घेतलेलेच नाही, बॅच क्रमांक घासून पुसट झालेला. तक्रार खरी असते, पण तिला आधार देणारे सगळे हातचे गेलेले असते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ ग्राहकाला बरेच अधिकार देतो. ते ठराविक क्रमानेच वापरता येतात, आणि काही अधिकार तर दुकानातून बाहेर पडल्यावर उरतच नाहीत. म्हणून पुढचे टप्पे लिहिलेल्या क्रमानेच घ्या.

टप्पा १: हातात आहे ते अन्न की औषध, हे आधी ठरवा

फार्मसीच्या एकाच फळीवर तीन वेगवेगळ्या परवान्यांखालच्या वस्तू शेजारी शेजारी असतात. तिन्हींचे रूप एकच, गोळी किंवा कॅप्सूल. फरक फक्त लेबलवरच्या क्रमांकात असतो.

एफएसएसएआयचे, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाचे, चिन्ह आणि त्याखाली १४ आकडी क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे. ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ असा शब्दही लेबलवर असायला हवा.

‘एमएफजी लायसन्स नंबर’, म्हणजे उत्पादन परवान्याचा क्रमांक, असेल आणि एफएसएसएआयचे चिन्ह नसेल तर ते औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या पट्टीवर बहुधा लाल उभी रेघ आणि ‘आरएक्स’ ही खूण दिसते.

‘आयुर्वेदिक औषध’ असे लिहून आयुष विभागाचा परवाना क्रमांक दिला असेल तर तो तिसरा प्रकार. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० त्याला लागू होतो. ‘आयुर्वेद आहार’ हा मात्र पुन्हा अन्नातच मोडतो. त्याचे नियम २०२२ साली आले आणि त्याला स्वतःचे वेगळे चिन्ह आहे.

हे ठरवणे का महत्त्वाचे? अन्नाची तक्रार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाते, औषधाची औषध निरीक्षकाकडे. गोव्यात या दोन्ही शाखा बांबोळीच्या एकाच अन्न व औषध प्रशासन संचालनालयाखाली (एफडीए) आहेत, ही आपली सोय. तरी अर्जावर चुकीचा प्रकार लिहिला की तो एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरतो आणि तेवढ्यात दुकानातला माल विकून संपतो.

सावधान: बाटलीवर ‘एफडीए अप्रूव्ह्ड’ किंवा ‘एफडीए रजिस्टर्ड फॅसिलिटी’ असे दिसले की गोव्यातल्या माणसाला ते बांबोळीचे एफडीए वाटू शकते. बहुतेक वेळा तो उल्लेख अमेरिकेच्या एफडीएचा असतो, आणि तोही दिशाभूल करणारा. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरक वस्तू बाजारात येण्याआधी एफडीए त्यांना मंजुरी देतच नाही. कारखाना नोंदलेला असणे म्हणजे त्यातली गोळी तपासलेली असणे नव्हे.

टप्पा २: विकत घेण्याआधी लेबलवर काय शोधायचे

मोठ्या अक्षरांतला पुढचा भाग जाहिरात आहे. बाटली फिरवा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. हेल्थ सप्लिमेंटवर पुढच्या गोष्टी असायलाच हव्यात:

- ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरासाठी नाही, ही सूचना.
- सांगितलेल्या दैनिक मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका, ही सूचना.
- वैविध्यपूर्ण आहाराला हा पर्याय नाही, हे विधान.
- मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा, ही सूचना.
- प्रत्येक पोषकद्रव्याचे प्रमाण, दैनिक मात्रा, आणि इतर औषधांशी होणारी क्रिया-प्रतिक्रिया ठाऊक असेल तर तिचा इशारा.
- उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम तारीख, निव्वळ वजन, कमाल किंमत, ग्राहक सेवेचा संपर्क.
- हिरवा गोल किंवा तपकिरी त्रिकोण. जिलेटिनची कॅप्सूल आणि फिश ऑइल मांसाहारीत येतात, हे घरात व्रत पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हेल्थ सप्लिमेंट हा प्रकारच नाही. नियमांत तो पाच वर्षांवरील व्यक्तींसाठी म्हणूनच मांडलेला आहे. बालवाडीतल्या पोराला गमीज देणाऱ्या आई-बाबांना हे ठाऊक नसते, आणि दुकानदार आपणहून सांगत नाही.

आता दावे. ‘हाडांच्या आरोग्यासाठी कॅल्शियम गरजेचे’ असे लिहिणे वेगळे, आणि ‘संधिवात मुळापासून घालवतो’ असे लिहिणे वेगळे. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, उंची वाढवणे यांवरच्या रामबाण इलाजांच्या जाहिरातींसाठी १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार कायदा वेगळा आहे. असा दावा लेबलवर दिसला तर वस्तू परत फळीवर ठेवा. घ्यायची नसली तरी लेबलचा फोटो मात्र काढा.

परदेशातून आलेल्या बाटल्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गोव्यात त्या घरोघरी आहेत. जहाजावर असलेला भाऊ, आखातात किंवा इंग्लंडात असलेली मुलगी सुट्टीवर येताना मोठमोठे डबे घेऊन येते. घरच्या वापरासाठी आणलेल्या डब्यावर भारतीय आयातदाराचे नाव नसणार, हे उघड आहे. पण तसाच डबा दुकानात किंवा जिममध्ये विकायला ठेवलेला असेल तर त्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एफएसएसएआय क्रमांक असलाच पाहिजे. तो मूळ छपाईत नसला तर चिकटपट्टीवर चालतो. पट्टी नसेल तर त्या मालाला भारतात कोणी जबाबदार नाही आणि तक्रार कोणाच्या नावे करायची हाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकन लेबलांवर आणखी एक अडचण असते, ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’. आठ-दहा घटकांची नावे आणि सगळ्यांचे मिळून एकच वजन. त्यात कोणता घटक किती आहे हे त्या लेबलवरून कधीच कळत नाही. हृदयाची, रक्त पातळ करण्याची किंवा थायरॉइडची औषधे चालू असलेल्या माणसाने असे मिश्रण घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा ३: चौदा आकडे तपासा

मोबाइलवर फोसकॉस हे एफएसएसएआयचे परवाना पोर्टल उघडा. ‘एफबीओ सर्च’मध्ये, म्हणजे अन्न व्यावसायिकाच्या शोधात, १४ आकडी क्रमांक टाका. यासाठी लॉगिन लागत नाही आणि काम दुकानात उभ्या उभ्या होते.

क्रमांकाचा पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. तिथे ०० असेल तर परवाना केंद्राने दिलेला. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. आयातदाराचा परवाना केंद्राचाच असतो. म्हणून आयात केलेल्या डब्यावर २ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तिथेच थांबा.

पोर्टलवर नाव आले की तीन गोष्टी ताडून पाहा. पोर्टलवरचे नाव आणि पत्ता लेबलशी जुळतात का? परवाना चालू आहे की संपलेला? त्या परवान्यात ज्या वस्तूंना मुभा आहे त्यांत हेल्थ सप्लिमेंट किंवा न्यूट्रास्युटिकल आहे का? तिसरी गोष्ट जवळजवळ कोणीच बघत नाही. बिस्किटांचा किंवा मसाल्यांचा परवाना असलेल्याचा क्रमांक प्रोटीनच्या डब्यावर छापलेला असू शकतो. क्रमांक खरा, परवाना चालू, आणि तरीही माल बेकायदा.

बऱ्याच बाटल्यांवर दोन-तीन क्रमांक असतात: विकणाऱ्या कंपनीचा एक, बनवणाऱ्या कारखान्याचा दुसरा. तपासायचा तो कारखान्याचा. दोन कारखाने दिलेले असतील तर बॅच क्रमांकाचे पहिले अक्षर पाहा. कोणत्या अक्षराचा माल कुठला, हे बहुधा त्याच लेबलवर बारीक अक्षरांत दिलेले असते.

सावधान: परवाना व्यवसायाला मिळतो. त्या बाटलीतली गोळी सरकारने तपासून पास केली असा त्याचा अर्थ होत नाही. घटक नियमांच्या परिशिष्टांत असतील आणि मर्यादा पाळली असेल तर प्रत्येक नव्या उत्पादनाला वेगळी पूर्वमंजुरी लागत नाही. क्रमांक खरा निघाला म्हणून पुढचा टप्पा सोडू नका.

टप्पा ४: मात्रेचा हिशेब मांडा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात आणि अंगाशीही इथल्याच येतात. कागद-पेन घ्या आणि घरातल्या सगळ्या बाटल्या एकत्र आणा, एकच नको.

पहिली बाब म्हणजे सर्व्हिंग, एका वेळी घ्यायची मात्रा. तक्त्यावर लिहिलेले आकडे एका गोळीचे आहेत की दोन-तीन गोळ्यांच्या सर्व्हिंगचे? ‘१००० मिलिग्रॅम’ हा मोठा आकडा कित्येकदा दोन कॅप्सूलचा असतो.

दुसरी, संयुग आणि त्यातले मूळ द्रव्य. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून शरीरासाठी कॅल्शियम मिळते ५०० मिलिग्रॅम. १००० मिलिग्रॅम फिश ऑइलच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम, म्हणजे उपयोगाचे ओमेगा-३ मिळून ३०० मिलिग्रॅम, असे प्रमाण नेहमी दिसते. पैसे कशाचे मोजतो आहोत ते या आकड्यावरून ठरवा.

तिसरी, एकके. ड जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे ‘आययू’. एका बाटलीवर १५ मायक्रोग्रॅम आणि दुसरीवर ६०० आययू लिहिले असेल तर दोन्ही सारखेच.

चौथी, बेरीज. याच जीवनसत्त्वाचे उदाहरण घेऊ. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाची रोजची गरज ६०० आययू आणि सहन होणारी कमाल मर्यादा ४००० आययू. समजा फोंड्यातली एक बाई मल्टिव्हिटॅमिनमधून ६०० घेते, कॅल्शियमच्या दोन गोळ्यांतून प्रत्येकी ५०० प्रमाणे १०००, आणि जावेने दिलेल्या तोंडात मारायच्या स्प्रेमधून २०००. झाले ३६००. त्यात डॉक्टरने दिलेली आठवड्याची ६०,००० ची कॅप्सूल. सात दिवसांत वाटली तर रोजचे सुमारे ८,५७० होतात. एकूण १२,००० च्या वर. डॉक्टरने कमतरता पाहून ठराविक आठवड्यांसाठी दिलेल्या कॅप्सूलचा यात दोष नाही. बाकी तीन बाटल्यांबद्दल त्यांना सांगितलेच नव्हते, अडचण तिथे आहे.

सावधान: ६०,००० ची कॅप्सूल ‘आठवड्यातून एकदा’ सांगितलेली असते आणि लोक ती रोज घेतात. यामुळे रक्तातले कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठता, फार तहान, गोंधळल्यासारखे होणे आणि मूत्रपिंडांना इजा, असे त्याचे परिणाम होतात. घरातल्या वयस्कर माणसांच्या पट्टीवर वार लिहून ठेवा. रोजच्या गरजेच्या शंभरपट असलेली ही मात्रा औषधाची आहे. ती अन्नाच्या परवान्यावर विकलेली दिसली तर ती स्वतःच तक्रारीची गोष्ट आहे.

बाकीच्या पोषकद्रव्यांची गरज तपासायला आयसीएमआरच्या त्याच तक्त्यातले काही आकडे जवळ ठेवा: कॅल्शियम १००० मिलिग्रॅम, लोह पुरुषांना १९ आणि स्त्रियांना २९ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम, प्रथिने दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम. हे गरोदरपण आणि स्तनपान सोडून इतर प्रौढांचे आकडे आहेत, आणि ते दिवसभराचे आहेत. त्यात जेवणातला वाटाही आला. रोज मासे-भात, डाळ, उसळ खाणाऱ्याने आधी ताटातले मोजावे.

प्रोटीन पावडरीसाठी एक वेगळी नजर लागते. ३३ ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम प्रथिने असे लिहिले असेल तर ते साधारण ७३ टक्के होतात. आता घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. यादीत ग्लायसिन, टॉरिन असे सुटे घटक वरच्या बाजूला असतील तर सावध व्हा. प्रयोगशाळेत प्रथिनांचे प्रमाण बहुधा नायट्रोजन मोजून काढतात. या स्वस्त घटकांतही नायट्रोजन असतो, आणि तो प्रथिनांच्या खात्यात जमा होतो. आकडा फुगतो, खरे प्रथिन तेवढे नसते.

तपासणी: इथपर्यंत तुमच्याकडे वस्तूचा प्रकार, परवान्याची स्थिती आणि दिवसाची एकूण मात्रा, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. एकही राहिली असेल तर विकत घेऊ नका, घेतले असेल तर सील फोडू नका.

टप्पा ५: यादी डॉक्टरला दाखवा

नुसते ‘व्हिटॅमिन घेतो’ असे सांगू नका. लेबलचा फोटो दाखवा. थायरॉक्सिनच्या गोळीबरोबर कॅल्शियम किंवा लोह घेतले तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही, दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याला के जीवनसत्त्वाचा त्रास होऊ शकतो. केसांसाठीच्या गोळ्यांत भरपूर बायोटिन असते. त्याने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात. रक्त द्यायच्या आधीच लॅबमध्ये सांगा. गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेपासून लांब राहावे.

झपाट्याने वजन उतरवणाऱ्या, लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या किंवा दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या ‘नैसर्गिक’ कॅप्सूलमध्ये खरी औषधे लपवून घातलेली सापडलेली आहेत: सिब्युट्रामिन, सिल्डेनाफिल, स्टेरॉइड. सिब्युट्रामिनवर भारतात २०११ सालीच बंदी आली. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाने न कळत सिल्डेनाफिल घेतले तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. गुण चटकन आला म्हणजे वस्तू चांगली, असे समजू नका. सप्लिमेंटचा गुण चटकन येत नाही, म्हणून असा गुण हीच धोक्याची खूण धरा.

टप्पा ६: पुरावा पहिल्याच दिवशी ठेवा

आधी बिल घ्या. खाद्यवस्तूंच्या बिलावर विक्रेत्याचा एफएसएसएआय क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे. बिलावर वस्तूचे नाव आणि जमल्यास बॅच लिहून घ्या. ‘जनरल आयटम’ लिहिलेले बिल काही कामाचे नाही.

घरी येऊन विकणाऱ्या शेजाऱ्याकडून किंवा नातेवाइकाकडून घेत असाल तरी बिल मागा. थेट विक्रीचे २०२१ चे नियम त्यांना लागू आहेत. विक्रेत्याने ओळखपत्र दाखवावे आणि आधी वेळ ठरवून यावे, असे त्यात आहे. आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडे पावती मागणे जिवावर येते. पण पुढे काही झाले तर ओळख कागदावर येत नाही.

मग फोटो. सील न फोडता बाटलीचे चारही बाजूंनी, बुडाशी छापलेल्या बॅचचा आणि तारखेचा जवळून एक, सीलचा एक. बॅचची शाई हाताच्या घामाने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने पुसली जाते. आधी फोटो काढा, मग वापरा. ऑनलाइन घेतले असेल तर वस्तूच्या पानाचा आणि दाव्यांचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, नंतर ते पान बदलते.

खोका आणि आतला कागद बाटली संपेपर्यंत टाकू नका. गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नका. वास, रंग वेगळा वाटला किंवा त्रास झाला तर घेणे थांबवा, झाकण घट्ट लावा, बाटली कोरड्या जागी बाजूला ठेवा, आणि तारीख, वेळ, किती गोळ्या घेतल्या, काय झाले ते चार ओळींत लिहून काढा.

टप्पा ७: स्वतः तपासून घ्यायचे असेल तर दुकानातच सांगा

अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली कोणीही ग्राहक शुल्क भरून वस्तू अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच, आणि तीच बहुतेकांची चुकते: ही वस्तू मी तपासणीसाठी देणार आहे, असे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. महिन्याभराने घरातली उघडी बाटली नेली तर हे कलम लागू होत नाही.

म्हणून शंका असेल तर त्याच बॅचची नवी, सीलबंद बाटली घ्या, विक्रेत्याला तसे सांगा, शक्य असेल तर बिलावर तसा शेरा लिहून सही घ्या, आणि सील तसेच ठेवून द्या. जाण्यापूर्वी बांबोळीला चौकशी करून ती विशिष्ट चाचणी कुठे होते, शुल्क किती आणि नमुना किती लागतो ते विचारा. ‘तपासा’ एवढेच लिहू नका. ‘प्रथिनांचे प्रमाण’, ‘शिसे व इतर जड धातू’, ‘सिल्डेनाफिल आहे का’, असे नेमके मागा. प्रयोगशाळा जे शोधायला सांगितले तेच शोधते.

अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. वस्तूत नियमभंग आढळला तर शुल्क परत मिळते आणि विश्लेषक अहवाल पुढील कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पाठवतो.

खासगी प्रयोगशाळेत जायचे असेल तर ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आणि एफएसएसएआयने अधिसूचित केलेली आहे ना, ते पाहा. तिचा अहवाल तक्रारीला जोड देतो, पण अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे घेतलेल्या नमुन्याची जागा तो घेत नाही.

टप्पा ८: तक्रार द्या, आणि वेळ घालवू नका

अधिकारी नमुना घेतो तो दुकानातून, सीलबंद, चार भागांत विभागून. तुमची उघडी बाटली त्याला दिशा दाखवते एवढेच. म्हणजे तुमची बॅच फळीवर आहे तोवर तक्रार पोचली तरच तिचा पुरेपूर उपयोग. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला एक वर्षाची मुदत आहे, अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारणे नोंदवून मान्यता दिली तर ती तीन वर्षांपर्यंत वाढते.

अर्ज अन्न व औषध प्रशासन संचालनालय, धन्वंतरी, बांबोळी या पत्त्यावर द्या. हे कार्यालय होली क्रॉस श्राइनच्या समोर आहे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. तिथे जाणे शक्य नसेल तर एफएसएसएआयच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर किंवा १८००-११-२१०० या क्रमांकावर नोंद करा. मजकूर असा असू द्या:

‘दि. … रोजी … येथील … या दुकानातून … हे हेल्थ सप्लिमेंट, बॅच …, उत्पादन …, अंतिम तारीख …, परवाना क्र. …, बिल क्र. … ने घेतले. लेबलवर … असा दावा आहे / वापरानंतर … असा त्रास झाला. याच बॅचचा माल सदर दुकानात दि. … रोजी विक्रीस होता. नमुना घेऊन … साठी तपासणी करावी व केलेल्या कारवाईची मला लेखी माहिती द्यावी. सोबत बिल, फोटो, वैद्यकीय कागद जोडले आहेत.’

‘हे लोक फसवतात, कडक कारवाई करा’ अशा वाक्यांनी अर्ज भरू नका. बॅच क्रमांक नसलेल्या दोन पानांपेक्षा बॅच क्रमांक असलेल्या पाच ओळी जास्त चालतात.

त्रास झाला असेल तर तक्रारीआधी डॉक्टर गाठा आणि केसपेपरवर सप्लिमेंटचे नाव व बॅच लिहून घ्या. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) असो वा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, हे आवर्जून सांगा. ‘पोटदुखी, उपचार दिले’ एवढ्या नोंदीतून पुढे काही सिद्ध होत नाही. वस्तू औषध निघाली तर दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या फार्माकोव्हिजिलन्सच्या क्रमांकावर करता येते.

आणखी एक गैरसमज: बांबोळीला तक्रार केली की पैसे परत मिळतील. तसे होत नाही. तिथला दंड सरकारजमा होतो. पैसे आणि भरपाई हवी असेल तर आधी विक्रेत्याला आणि कंपनीला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही भागले नाही तर तुमच्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू ठेवता येतात.

टप्पा ९: उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार

साधारण महिनाभर वाट पाहून माहितीचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज त्याच संचालनालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. ‘कारवाई का केली नाही?’ असे विचारले तर उत्तर टाळता येते, कारण हा कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, कारणांची चर्चा करत नाही. त्याऐवजी कागद मागा:

१. आवक क्र. … च्या तक्रारीवरील सर्व टिपण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती.
२. या तक्रारीवरून नमुना घेतला असल्यास त्याची तारीख आणि अहवालाची प्रत.
३. मागील आर्थिक वर्षात गोव्यात हेल्थ सप्लिमेंट व न्यूट्रास्युटिकल या प्रकारांत घेतलेल्या नमुन्यांची संख्या, नापास झालेल्यांची संख्या, उत्पादनाचे नाव व बॅच.
४. त्यांपैकी निर्णय झालेल्या प्रकरणांतील आदेशांच्या प्रती.

तिसरा मुद्दा तुमच्या एकट्याच्या बाटलीपुरता नाही. आपल्या राज्यात या वस्तू किती वेळा तपासल्या जातात हे लोकांना कळायलाच हवे. म्हणून तुमची तक्रार नसली तरी हा एक प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

चौकशी चालू असल्याचे कारण देऊन माहिती नाकारली तर त्या माहितीने चौकशीला नेमका अडथळा कसा येतो हे त्यांनी दाखवायला हवे. व्यापारी गुपिताचे कारण दिले तर लोकहित मोठे असल्याचा मुद्दा मांडा, कायद्यात तशी तरतूद आहे. पहिले अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपील अधिकाऱ्याकडे, दुसरे ९० दिवसांत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे. अपिलासोबत मूळ अर्जाची शिक्का असलेली प्रत आणि शुल्क भरल्याची पावती जोडा.